गाडी जपाल, पण मिस्त्रींचं काय?

जुन्या मोटारी दुरुस्त करून जपणं हा पैसेवाल्यांचा चाळा आहे, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. "खायला काही कमी नाही, म्हणून सुचतंय" हे वाक्य तर मी आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर निदान दहा वेळा ऐकलं असेल. मला मात्र हे पटत नाही. आयुष्यात मी एकही गाडी विकत घेतली नाही, लोकल आणि एस.टी.वरच जन्म गेला, तेव्हा माझा यात काही स्वार्थ आहे असंही कुणाला म्हणता येणार नाही. तरीही या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटले, कारण यात गाडीपेक्षा मोठी एक गोष्ट आपण हरवत चाललो आहोत असं मला वाटतं.

सुरुवात जरा लांबून, म्हणजे थेट अमेरिकेतून करतो.

माझा एक भाचा मिशिगनमध्ये असतो (वाचतो आहेस ना रे?). त्याने १९६८ सालची एक प्लिमथ रोडरनर घेतली आहे आणि दर शनिवार-रविवार तो गॅरेजमध्ये तिच्याखाली आडवा पडलेला असतो. या जातीच्या गाड्यांना तिकडे 'मसल कार' म्हणतात. मसल म्हणजे स्नायू, आपण म्हणू पैलवान गाडी. कल्पना अगदी साधी होती. मध्यम आकाराची, स्वस्तातली गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं दांडगं आठ सिलिंडरचं इंजिन बसवायचं. १९६४ च्या पाँटियाक जीटीओपासून ही लाट आली असं मानतात. तिचं इंजिन ६.४ लिटरचं होतं. आपल्या फियाटचं १.१ लिटरचं, म्हणजे जवळजवळ सहापट! भाच्याची रोडरनर तर खास कमी पैशात विकायची म्हणून काढलेली. आत चैनीचं काही नाही, सगळा पैसा इंजिनात. हॉर्न मात्र त्या कार्टूनमधल्या पक्ष्यासारखा 'बीप बीप' वाजतो, त्यासाठी कंपनीने रीतसर परवानगी घेतली होती.

ही लाट दहा वर्षंही टिकली नाही. तरुण पोरांच्या हातात असलं वाहन म्हटल्यावर विम्याचे दर चढले, १९७० मध्ये हवेच्या प्रदूषणाविरुद्ध कडक कायदा आला आणि १९७३ च्या तेलसंकटाने उरलंसुरलं संपवलं. पैलवान गाड्या कवडीमोलाने विकल्या गेल्या. ज्यांना तरुणपणी त्या परवडल्या नव्हत्या त्यांनी पुढे त्या शोधून शोधून घेतल्या आणि हा छंद उभा राहिला. आज तिकडे जुन्या मस्टँगचा किंवा कॅमेरोचा अख्खा सांगाडाच्या सांगाडा नवाकोरा बनवून मिळतो. दाराची मूठ, आरशाची दांडी, गालिचा, सगळं कॅटलॉगमध्ये बघायचं आणि मागवायचं. मी भाच्याला गमतीने म्हटलं, "अरे, ही दुरुस्ती कसली? हा तर बाजारहाट झाला!" तो हसला. पण मुद्दा त्यालाही पटला असावा.

आता आपल्याकडे येऊ.

आपल्याकडे पैलवान गाड्या जवळजवळ आल्याच नाहीत. परकीय चलन वाचवायचं म्हणून आयातीवर जबर निर्बंध होते, तिथे ६ लिटरचं इंजिन कोण आणू देणार? पण त्या गाड्यांची थोरली भावंडं मात्र मुंबईत भरपूर होती, आणि त्यातली पुष्कळशी इथेच जोडली जात. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. पुढे आपल्या सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून डॉज, प्लिमथ, डिसोटो बाहेर पडू लागल्या. नावं तीन, पण आतून बरंचसं सारखंच. भाच्याची रोडरनर ज्या क्रायस्लरच्या घरातली, त्याच घरातल्या या गाड्या. तेव्हा कुर्ला आणि डेट्रॉईट यांचं नातं आपण समजतो तितकं लांबचं नाही, बरं का!

दादरहून पुण्याला जाणाऱ्या त्या लांबलचक अमेरिकन टॅक्सी माझ्या वयाच्या लोकांनी पाहिल्या असतील. आणि इथे एक मजा बघा. ज्या १९७३ च्या तेलसंकटाने अमेरिकेत पैलवान गाड्या संपवल्या, त्याच संकटाने आपल्याकडे वेगळंच केलं. पेट्रोल परवडेना म्हणून आपल्या लोकांनी या डॉज-प्लिमथ-शेव्हरोलेची मूळ इंजिनं उतरवली आणि तिथे डिझेल इंजिनं बसवली. पर्किन्स म्हणू नका, प्यूजो म्हणू नका, जे मिळेल ते! इंजिन बसवायचे पाय बदलले, गिअरबॉक्सला जोड दिले, कुणी लेथवर नवा दांडा कातून घेतला. कंपनीचा इंजिनिअर बघून डोळे पांढरे करील असं काम. पण गाडी पुढची वीस-पंचवीस वर्षं चालली.

हे कुणी केलं? ज्यांनी केलं त्यांची नावं कुठल्याही पुस्तकात नाहीत. कुर्ला, भायखळा, ग्रँट रोड, पुण्याची नाना पेठ, इथल्या गल्लीबोळांतल्या मिस्त्रींनी केलं. कॅटलॉग नव्हता, सुटा भाग मिळत नव्हता, म्हणून तो हाताने घडवला. चोरबाजारात आणि कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवरच्या भंगारात हिंडून 'याला ते बसेल' हे डोळ्यांनी ठरवलं. माझ्या मते आपल्याकडच्या जुन्या गाड्यांचा खरा वारसा हा आहे. गाडी अमेरिकेची असेल, फियाटसारखी इटलीची असेल, पण तिला जगवण्याची विद्या पक्की आपली आहे.

या विद्येची स्वतःची भाषासुद्धा आहे, आणि मी भाषेचा मास्तर असल्यामुळे मला तिचं फार कौतुक. पेट्रोल इंजिनात ठिणगी वाटून देणारा जो भाग असतो त्याला आपले मिस्त्री 'डेल्को' म्हणतात. हे एका अमेरिकन कंपनीचं नाव. गाडीला हँडल मारण्याऐवजी विजेवर चालू करायची सोय या कंपनीने केली आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये ती आली. म्हणून तो 'सेल्फ'. जादा चाकाला आपण 'स्टेपनी' म्हणतो, तो वेल्समधल्या एका रस्त्याच्या नावावरून आलेला शब्द. तिथल्या कारखान्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे जादा चाक निघालं. 'डिकी' हा मुळात गाडीच्या मागच्या उघड्या बैठकीचा शब्द. इंग्लंड-अमेरिकेतल्या नव्या पिढीला यातले काही शब्द ठाऊकही नसतील, आपल्या काशीगावच्या गॅरेजमध्ये मात्र बारावी नापास पोरगं ते रोज वापरतं. शब्द असे हातांबरोबर टिकतात. हात गेले की शब्दही जातात.

काशीगावचं नाव निघालंच आहे तर सांगतो. आमच्याकडे हायवे जवळ असल्यामुळे गॅरेजं पुष्कळ. काशिमीऱ्याच्या नाक्यापासून आत वळलात की हातोड्यांचा आवाज आणि रंगाचा वास यायला लागतो. आता मेट्रोचे खांब उभे राहिले (मे २०२५ मध्ये काशीगाव ते दहिसर चाचणीही झाली), जागांचे भाव वाढले, आणि पत्र्याच्या शेडमधली जुनी गॅरेजं एकेक करून उठायला लागली. त्यातल्याच एका शेडमध्ये सत्तरीला आलेले एक डेंटर आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणतो. ते मला 'सर' म्हणतात. सकाळच्या फेरफटक्यात मी तिथे पाच-दहा मिनिटं उभा राहतो.

मध्यंतरी त्यांच्याकडे एक जुनी प्रीमियर पद्मिनी आली होती. एका कुटुंबाने वडिलांची आठवण म्हणून ठेवलेली. आपल्या भागात खाडीची खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे खालचा पत्रा अगदी पापडासारखा झालेला. हल्ली अशा ठिकाणी भोकावर जाळी लावतात, वरून लांबी भरतात, रंग मारतात आणि गाडी चकाचक करून देतात. चाचांनी तसं केलं नाही. गंजलेला भाग पूर्ण कापून काढला. पुठ्ठ्यावर त्याचा साचा उतरवला, त्यावरून नवा पत्रा कापला, वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोड्याने त्याला गोलाई दिली. मग गॅसने टाके मारले, पण सलग नाही, एक इथे, एक तिथे, मध्ये थंड होऊ देत. सलग वेल्डिंग केलं तर उष्णतेने पत्रा वाकडा होतो. जिथे पत्रा फुगला तिथे एका ठिपक्यापुरता तापवून ओल्या फडक्याने झटकन थंड केला की तो आकसून बसतो. शेवटी डोळे मिटून तळहात फिरवला. बोटांना जे कळतं ते डोळ्यांना कळत नाही म्हणे. मी विचारलं, "चाचा, लांबी भरली असती तर एका दिवसात झालं असतं की." ते म्हणाले, "दोन पावसाळे टिकली असती सर. मग परत माझ्याकडेच आले असते."

चाचांकडे आज एकही शिकाऊ पोरगा नाही. त्यांचा मुलगा ॲपवरची टॅक्सी चालवतो आणि त्याचा निर्णय चूक आहे असं मी म्हणणार नाही. आठवडाभर पत्रा ठोकून जे मिळतं ते त्याला तीन दिवसांत मिळतं. आजकालच्या गाड्यांना पोचा पडला की आख्खा भाग बदलतात, विमा कंपनी पैसे देते. इंजिनाचं तर विचारूच नका, यंत्र जोडायचं आणि पडद्यावर दोष वाचायचा. हे वाईट आहे असंही नाही. पण कान लावून टायमिंग ओळखणारा, स्पार्क प्लगचा रंग पाहून पेट्रोल जास्त की हवा जास्त हे सांगणारा माणूस एकदा गेला की गेला.

आता सरकारच्या नियमांकडे वळतो, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी पुन्हा ५,०००. गाडी रोजच्या वापराला काढायची नाही, धंद्याला तर नाहीच. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरती रस्त्यावर आणायची. नियम चांगला आहे. आधी काहीच नव्हतं, आता जुन्या गाडीला निदान स्वतःची ओळख मिळाली. पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट २०२१ मध्ये, वाहनं मोडीत काढण्याचं धोरणही जाहीर झालं. एका हाताने जपा, दुसऱ्या हाताने मोडा! तरी मी त्यालाही सरसकट नावं ठेवणार नाही. धूर ओकणारा ट्रक रस्त्यावरून गेलाच पाहिजे.

पण यात दोन गोष्टी राहून गेल्या आहेत.

पहिली गोष्ट. नियम म्हणतो की गाडी मूळ रूपात हवी, सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. म्हणजे १९५० ची डॉज, जिच्यात पंचाहत्तर साली डिझेल इंजिन बसवलं म्हणून ती आजवर जगली, ती व्हिंटेज नाही. आणि एखाद्या संस्थानिकाच्या तबेल्यात पन्नास वर्षं झाकून ठेवलेली गाडी मात्र व्हिंटेज. परदेशातल्या शौकिनांचा 'सगळे नंबर जुळले पाहिजेत' हा आग्रह तिकडे ठीक आहे, तिथे भाग मिळत होते. आपल्या टंचाईच्या काळात जे बदल झाले तेही इतिहासच आहेत ना? एखाद्या जुन्या वाड्यात आजोबांनी वीज घेतली म्हणून तो वाडा जुना राहत नाही का?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पुन्हा करावी लागते. एप्रिल २०२२ पासून मोटारीला ही फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना १०,००० केली. शिवाय पर्यावरण कर वेगळा, दर पाच वर्षांनी तपासणी वेगळी. पंधरा ते पन्नास अशी पस्तीस वर्षं ही गाडी सरकारच्या लेखी फक्त एक जुनाट वाहन असते. मग पन्नाशी गाठणार कशी? व्हिंटेज म्हणजे काही आभाळातून पडत नाही. ती आधी तीस वर्षांची, चाळीस वर्षांची व्हावी लागते. मधल्या काळात तिला जगूच द्यायचं नाही आणि पन्नासाव्या वर्षी हार घालायचा, याला काय म्हणावं? अशाने फक्त श्रीमंतांच्याच गाड्या पन्नाशी गाठतील. मग 'हा श्रीमंतांचा चाळा' म्हणायला आपण मोकळे.

पद्मिनीचंच उदाहरण घ्या. फियाट अकराशे १९६४ पासून नव्या रूपात कुर्ल्यात बनत होती, १९७४ मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आर.टी.ओ.त नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मर्यादा भरली म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. निदान एक तरी जपून ठेवा, अशी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेची मागणी होती. टॅक्सी म्हणून ती जायला हवी होतीच, दिवसभर शहरात फिरणाऱ्या वाहनाला आजचेच नियम लागले पाहिजेत. पण ज्या गाडीने तीन पिढ्यांची लग्नं, बाळंतपणं आणि इस्पितळाच्या खेपा केल्या, ती जपण्याचा विचार शेवटच्या दिवसापर्यंत कुणी गंभीरपणे करू नये? अहिल्यानगरला रणगाड्यांचं उत्तम संग्रहालय आहे, 'बेस्ट'ने आणिक डेपोत जुन्या ट्राम-बसचं छोटं संग्रहालय केलं आहे. मग मोटारी बनवणाऱ्या या शहराने मोटारींनाच का विसरावं?

विरुद्ध बाजूही खोटी नाही. प्रदूषणाचा मुद्दा खरा आहे, पण वर्षाला दोन-चारशे किलोमीटर धावणारी गाडी आणि रोज शंभर किलोमीटर धावणारी गाडी यांना एकाच तराजूत घालू नये. पार्किंगचा मुद्दा त्याहून खरा. आमच्या मीरा-भाईंदरच्या गल्ल्यांत ताडपत्री घालून, चाकांतली हवा गेलेल्या, आत मांजरं व्यालेल्या कितीतरी गाड्या पडून आहेत. मालकाला विचारा, "करायची आहे एकदा" म्हणतो. याला जपणं म्हणत नाहीत, ही अडगळ. छंद करायचा तर जागा, वेळ आणि शिस्त पाहिजे, नाहीतर सरळ भंगारात द्यावी. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधले भाग त्यासाठी बनलेले नव्हते, ते बदलून घ्यावे लागतात. म्हणजे पुन्हा मिस्त्री आलेच!

मला विचाराल तर तीन गोष्टी व्हाव्यात. एक, पंचवीस वर्षांवरच्या खासगी गाड्यांसाठी मधला एक वर्ग करावा. फी माफक, वापर मर्यादित, तपासणी मात्र कडक. दोन, त्या त्या काळात झालेले बदल लपवायला न लावता कागदावर नोंदवून मान्य करावेत. आणि तीन, माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी, आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिक आणि पत्राकामाचे अभ्यासक्रम आहेतच, तिथे वर्षातून काही आठवडे अशा जुन्या मिस्त्रींना मानधन देऊन शिकवायला बोलवावं. पदवी नाही म्हणून अडवू नये. मी पस्तीस वर्षं शिकवलं, बी.ए. मराठीच्या जोरावर. पुठ्ठ्याच्या साच्यावरून पत्रा घडवणारा माणूस माझ्यापेक्षा कमी शिक्षक आहे असं मला मुळीच वाटत नाही. आणि शिकायला पद्मिनीसारखं पुस्तक नाही. बॉनेट उघडलं की कार्बोरेटर इथे, डेल्को तिथे, सगळं डोळ्यांसमोर. आजच्या गाडीचं बॉनेट उघडलं की दिसतं फक्त प्लॅस्टिकचं झाकण.

सरकार करील तेव्हा करील. आपल्या हातात जे आहे ते आपण करू. नातेवाईक मंडळींपैकी दोघांच्या दारात अजून फियाट उभी आहे, हे मला ठाऊक आहे (नावं घेत नाही!). विकायची असेल तर खुशाल विका. पण त्याआधी तिची दुरुस्ती ज्यांनी केली त्या मिस्त्रींकडे एकदा जाऊन बसा. मोबाईलवर त्यांचं काम टिपून घ्या, कुठला भाग कशातून बनवला ते विचारा, आणि वहीत त्यांचं पूर्ण नाव लिहून ठेवा. आपल्याला गाडीचा नंबर चाळीस वर्षांनंतरही पाठ असतो, आणि तिला चाळीस वर्षं चालती ठेवणाऱ्या माणसाचं आडनावही माहीत नसतं. निदान एवढं तरी बदलू या.

असो. तुमच्याकडच्या मिस्त्रींबद्दल सांगण्यासारखं काही असेल तर जरूर कळवा, मला वाचायला आवडेल.